शेवटचा डबा दिसेपर्यंत

सीतारामरावांना स्वयंपाकघरात बसवलं होतं आणि ते त्यांना मुळीच पसंत नव्हतं. चौतीस वर्षं स्टेशनमास्तरच्या खुर्चीत बसलेला माणूस! आता बासष्टाव्या वर्षी इडलीच्या भांड्याशेजारी, कानाला हेडफोन लावून, स्टुलावरच्या जुन्या मॉनिटरकडे टक लावून बसायचं म्हणजे काय? पण शर्यत भरवणाऱ्यांचा नियम होता. गाडी चालवणारा एका खोलीत, त्याचा स्पॉटर, म्हणजे शेजारपाजारच्या गाड्यांवर नजर ठेवून त्याला सांगणारा, दुसऱ्या खोलीत, नाहीतर दोघांचे माइक एकमेकांत घुमतात. आणि नियम म्हटला की सीतारामराव निमूट बसणार, हे तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

भिंतीपलीकडे हॉलमध्ये त्यांची भाची विनुता बसली होती. बावीस वर्षांची, नुकतीच इंजिनिअर झालेली. तिच्यासमोर तिच्या आईचं शिवणाचं मशीन होतं. मशीनचं डोकं काढून फळीवर स्टिअरिंग घट्ट आवळलेलं, खाली पायट्याच्या जागी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर. समोरच्या पडद्यावर शर्यतीचा रस्ता. गाडी खोटी, रस्ता खोटा, पण त्या रविवारी दुपारी पणाला लागलेली गोष्ट शंभर टक्के खरी होती.

त्या दिवशी दोन शर्यती होत्या. पहिली स्टॉक कारची, दुसरी ओपन-व्हीलची, म्हणजे ज्यांची चारही चाकं अंगाबाहेर उघडी असतात त्या गाड्यांची. दोन्हींचे गुण मिळवून जो पहिला येईल त्याला कोइंबतूरच्या एका टीमकडून वर्षभरासाठी खरी गाडी मिळणार होती. खरी, पेट्रोलची, खऱ्या ट्रॅकवर पळणारी. विनुताची आई ताराबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी लेकीला एकच वाक्य सुनावलं होतं.

"मिळाली तर जा कोइंबतूरला. नाही मिळाली तर गुरुवारी चेन्नईच्या कंपनीत रुजू व्हायचं, आणि हे स्टिअरिंग माझ्या मशीनवरून उतरवायचं."

ताराबाई एकदा बोलल्या की बोलल्या. सीतारामराव त्यांचे थोरले भाऊ, पण त्यांचीही प्राज्ञा नव्हती मध्ये तोंड घालायची.

आता हा म्हातारा या भानगडीत पडलाच कसा, ते सांगायला हवं. रिटायर झाल्यावर दोन महिन्यांत माणूस भ्रमिष्ट व्हायची वेळ आली होती. पहाटे चारला उठायचं, आंघोळ करायची, आणि मग काय करायचं? घड्याळ बघायचं. दूरवर गाडीची शिटी झाली की म्हणायचं, "सात मिनिटं लेट." ताराबाई वैतागायच्या. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, बहिणीच्या घरी वरच्या खोलीत मुक्काम. कुणाला लेट म्हणून काय फरक पडणार होता?

एके दिवशी विनुता स्टॉक कारची शर्यत खेळत होती आणि हे तिच्या पाठीमागे नुसते उभे होते. चाळीस गाड्या लंबगोल रस्त्यावर एकाच दिशेनं गरगर फिरत होत्या. विनुताला पुढचं दिसत होतं, शेजारचं दिसत नव्हतं. ती वळली आणि शेजारच्या गाडीवर आदळली.

"अय्यो, डाव्या अंगाला गाडी होती कीं गे! दिसली नाही तुज?"

"मला कशी दिसणार, मामा? माझ्या डोळ्यांना तेवढंच दिसतं. खऱ्या शर्यतीत प्रेक्षकांच्या मांडवाच्या छपरावर एक माणूस उभा असतो, तो रेडिओवर सांगतो. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, आता क्लिअर."

"क्लिअर?" म्हातारा एकदम ताठ झाला. "क्लिअर कोण देतो?"

झालं. त्या दिवसापासून घरात स्टेशन सुरू झालं. ताराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

खरं सांगायचं तर या कामासाठी सीतारामरावांसारखा माणूस शोधूनही सापडला नसता. मागच्या स्टेशनवरून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनमास्तरानं आधी लाइन क्लिअर द्यावी लागते. ती कधी द्यायची? आधीची गाडी पूर्ण आत आली, तिचा शेवटचा डबा आणि त्याच्या पाठीवरची खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, की मग. आली असेल म्हणून नाही, येतेच आहे म्हणून नाही. पाहिली म्हणून. चौतीस वर्षांत सीतारामरावांनी एकदाही न पाहता लाइन क्लिअर दिली नव्हती. ते विनुतासाठीही तसंच करायचे. शेजारच्या गाडीचं शेपूट विनुताच्या नाकापुढून किंवा तिचं नाक विनुताच्या शेपटामागे पुरतं जाईपर्यंत हे म्हणत राहायचे, "शेपूट बाकी, शेपूट बाकी." मग शांतपणे, "लाइन क्लिअर." बाकीचे स्पॉटर अर्धा सेकंद आधी क्लिअर देऊन मोकळे व्हायचे आणि त्यांचे लोक भिंतीला जाऊन थडकायचे.

दुसरी सोय भाषेची होती. शर्यत इंटरनेटवर दाखवायचे तेव्हा कुणाचंही बोलणं कुणीही ऐकू शकायचं. बाकीचे सगळे इंग्रजी-तमिळमध्ये बोलायचे आणि त्यांचे डाव उघडे पडायचे. मामा-भाची घरातली मराठी बोलायची. तंजावूरच्या बाजारात साडीवाल्यासमोर आपसात भाव ठरवायला जी भाषा वापरतात, तीच. चेन्नईत बसलेले पंच गोपालकृष्ण यांना त्यातले दोनच शब्द कळायचे, ते म्हणजे लाइन क्लिअर.

पहिली शर्यत तीनला सुरू झाली आणि सीतारामरावांना ती नेहमीसारखीच आवडली. स्टॉक कार म्हणजे जाडजूड, बंद अंगाची गाडी. चाकं पत्र्याच्या आत झाकलेली. तिला धक्का द्या, घासा, भिंतीला रगडा, ती खाकरून पुढे जाते. आणि गंमत अशी, मागच्यानं पुढच्याच्या बंपरला नाक लावून ढकललं की दोघीही एकटीपेक्षा जोरात पळतात. वारा पुढची फोडते, ताकद मागची लावते.

"ही तर मालगाडीच गे!" पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते म्हणाले होते. "जोडले की पळतात."

"आणि धडकले तरी चालतं, मामा. धडक म्हणजे तिथे नमस्कार."

शेवटच्या दोन फेऱ्यांत विनुता तिसरी होती. पुढे कोइंबतूरची अखिला आणि मदुरैचा मणी. मणीच्या बंपरला नाक लावून विनुतानं त्याला ढकललं, अखिलाच्या बाहेरून दोघं गेले, आणि मग ऐन रेषेआधी ती मणीच्या उजव्या अंगाला सुटली. तिघांचे दरवाजे एकमेकांना घासत होते. स्वयंपाकघरातून सीतारामराव ओरडत होते, "डाव्या अंगाला दोघं, टेकू दे, टेकू दे, सोडू नकोस!" विनुता पहिली, अखिला दुसरी.

ताराबाई फिल्टर कापी घेऊन आल्या. चेहरा कोरा, पण कापीच्या डबऱ्यात साखर दुप्पट पडली होती.

"आता दुसरी राह्यली," त्या म्हणाल्या.

विनुतानं दारात येऊन मामांना हिशेब समजावला. आता सगळं तिच्या आणि अखिलाच्या मध्ये होतं. दुसऱ्या शर्यतीत विनुता पुढे राहिली तर गाडी विनुताची. अखिला पुढे आली तर अखिलाची, कारण गुण सारखे झाले की दुसऱ्या शर्यतीचा निकाल धरायचा. आणि दोघीही बाहेर पडल्या तर पहिल्या शर्यतीवर निकाल, म्हणजे विनुताचीच.

"तर मग सोपं आहे," ताराबाई म्हणाल्या.

"सोपं नाही अम्मा. ती सात वर्षांची असल्यापासून खऱ्या ट्रॅकवर लहान गाड्यांचं कार्टिंग करते. ओपन-व्हील तिच्या हातातला खेळ आहे. मी तर फळीवर शिकलेली."

पाचला दुसरी शर्यत सुटली आणि सीतारामराव मॉनिटरकडे सरकले. या गाड्या त्यांना कधीच मानवल्या नव्हत्या. अंगानं किडकिडीत, जमिनीला चिकटलेल्या, आणि चारही चाकं बाहेर उघडी. जगभर ज्यांचा एवढा बोलबाला, त्या याच. रस्ताही लंबगोल नव्हता. डावीकडे वळण, उजवीकडे वळण, मध्येच केसाच्या पिनेसारखा आखूड वळसा. इथे कुणी कुणाला ढकलत नाही. पुढच्या गाडीनं उसळवलेला वारा मागचीला वळणात जवळ येऊ देत नाही, तिचं नाक सरळच घसरत जातं. फक्त सरळ रस्त्यावर त्याच वाऱ्याच्या आडोशानं मागची झेप घेऊ शकते. आणि स्पर्श? उघडं चाक उघड्या चाकाला लागलं की फिरतं चाक दुसऱ्याच्या चाकावर चढतं आणि गाडी हवेत. इथे नमस्कार-बिमस्कार काही नाही. विनुतानं एकदा त्यांना खऱ्या शर्यतीतली तशी चित्रफीत दाखवली होती. ते उठून वर निघून गेले होते.

विसाव्या फेरीपर्यंत विनुता पुढे होती. अखिला मागे, सावलीगत. फेऱ्या पंचवीस. सीतारामरावांचा आवाज बारीक आणि सपाट झाला होता, ड्युटीवर व्हायचा तसा.

"मागं आहे. एक गाडीचं अंतर. मागं आहे. अर्ध्या गाडीचं."

तेविसाव्या फेरीला सरळ रस्त्यावर अखिला वाऱ्याच्या आडोशातून बाहेर आली आणि उजव्या अंगाला घुसली. तिचं पुढचं चाक विनुताच्या मागच्या चाकाजवळ आलं. पुढे उजवीकडचं वळण.

"उजव्या अंगाला आहे. शेपूट बाकी. जागा सोड. शेपूट बाकी..."

अखिलाला तेवढी जागा पुरली नाही, तिनं ब्रेक आधी मारला आणि मागे सरली.

"लाइन क्लिअर."

हेडफोनमध्ये विनुताचा श्वास ऐकू येत होता. मग ती बोलली, हळू, घरच्या मराठीत.

"मामा, पुढच्या खेपेला ती पुरी येणार. मला ठाऊक आहे. तिनं अंदाज घेतला."

"येऊ दे. बघूं."

"बघायचं काही नाही. ऐका माझं. ती पुन्हा उजव्या अंगाला आली, अर्धी आली, की तुम्ही ते दोन शब्द म्हणा. मी वळते. चाकाला चाक लागेल, दोघी बाहेर."

सीतारामरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"विनू..."

"पंचाला तेवढेच दोन शब्द कळतात, मामा. स्पॉटरनं क्लिअर दिलं म्हणून मी वळले. चूक होते माणसाची, कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही बोलला नाहीत आणि मी वळले तर मात्र मुद्दाम केलं म्हणतील, मला काढून टाकतील. फक्त दोन शब्द."

"अगे, ती आपटेल."

"कुठे आपटेल? ती कोइंबतूरला तिच्या खोलीत खुर्चीवर बसली आहे! खेळ आहे हा. कुणाला ओरखडासुद्धा येणार नाही. आणि मी गुरुवारी चेन्नईला जाऊन जन्मभर काचेच्या डब्यात बसेन, त्याचं काय?" तिचा आवाज फाटला. "मामा, आयुष्यात काही मागितलं नाही तुमच्यापाशी."

चोविसावी फेरी सुरू झाली. एक फेरी म्हणजे दीड मिनिट.

आता या माणसाच्या डोक्यात त्या दीड मिनिटात काय उसळलं, ते कळायचं तर चोवीस वर्षं मागे जायला हवं. ताराबाईंचं लग्न होतं त्या सकाळी. तै महिना, ऐन थंडीचा, दाट धुकं. सीतारामराव एका लहानशा स्टेशनवर रात्रपाळी करून तसेच मांडवात जाणार होते, कारण बदली माणूस तापानं आडवा झालेला. एक मालगाडी आत आली, लांबलचक, पण धुक्यात तिचं शेपूट दिसेना. गार्डाचा कंदील दिसेना. आणि मागच्या स्टेशनवर जी गाडी लाइन क्लिअरची वाट बघत उभी होती, तिच्यात नवरामुलगा सांबशिव आणि त्याचं सगळं वऱ्हाड होतं. फोनवर फोन. सीतारामरावांचे वडील मांडवातून ओरडत होते, सीताराम, मुहूर्त चालला, सोड ती गाडी! सीतारामराव हातात बत्ती घेऊन मालगाडीच्या कडेनं चालत गेले. एकेक डबा मोजत, शेवटच्या डब्यापर्यंत. खूण पाहिली. तसेच चालत परत आले. बावीस मिनिटं गेली.

मुहूर्त टळला. पुढच्या मुहूर्तावर लग्न लागलं, जेवणं झाली, सगळं नीट झालं; ताराबाई तेवढ्या त्यावरून भावाला पुढे चिडवायच्या. आणि मालगाडीचे सगळे डबे जागेवर होते, हेही खरंच. त्यांनी डोळे मिटून लाइन क्लिअर दिली असती तरी काहीएक झालं नसतं. पण विनुता नऊ वर्षांची असताना सांबशिव बँकेतून घरी आला, खुर्चीवर बसला आणि उठलाच नाही. तेराव्याला कुणीतरी म्हातारी कुजबुजली, मुहूर्त चुकवला की असंच व्हायचं. सीतारामराव दाराबाहेर उभे होते. त्यांनी ऐकलं. त्याबद्दल त्यांनी कुणाशी चकार शब्द काढला नाही, पण तेरा वर्षं ते वाक्य छातीत घेऊन हा माणूस जेवला आणि झोपला होता. आपल्या हट्टापायी बहिणीचं कुंकू गेलं, असं त्यांना खरोखर वाटायचं. शहाण्यासुरत्या माणसाला असं वाटू नये. पण वाटायचं.

"मागं आहे. एक गाडीचं अंतर," ते यंत्रासारखे बोलत होते.

एकदा बहिणीची वाट अडवली. आता तिच्या लेकीची अडवायची? आणि कशासाठी? पडद्यावरच्या चित्रासाठी? इथे ना रूळ, ना डबे, ना माणसं. म्हातारड्या, दोन शब्दच तर आहेत! चौतीस वर्षं सरकारला दिलीस, दोन शब्द पोरीला देत नाहीस?

"मामा, ऐकलंत ना?"

ताराबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, पण त्यांच्या कानाला काही नव्हतं. त्यांना फक्त भावाचा घामानं निथळणारा चेहरा दिसत होता.

आखूड वळसा आला. अर्ध्या गाडीचं अंतर. शेवटची, पंचविसावी फेरी. वळणं, वळणं, आणि मग सरळ रस्ता. अखिला आडोशातून सुटली, या वेळी फार आधी. उजव्या अंगाला. चाक चाकाशी. अर्धी आली.

"उजव्या अंगाला. शेपूट बाकी."

"मामा, आता!"

वळण धावत येत होतं. सीतारामरावांनी तोंड उघडलं.

"ला..."

आणि शब्द घशात अडकला. पुढे जाईना. डोळ्यांसमोर ते चाक होतं, विनुताच्या चाकालगत आलेलं, आणि ते दिसत असताना जीभ वळेना. जे दिसतं आहे ते नाही म्हणायला ती कधी शिकलीच नव्हती.

"शेपूट बाकी!" ते किंचाळले. "बाकी आहे गे, जागा सोड, बाकी आहे!"

पडद्यावर विनुताच्या गाडीचं नाक उजवीकडे एक केसभर हललं होतं. ते थरथरून सरळ झालं. ती वळणात बाहेरच्या कडेनं गेली. अखिला आतून निघून गेली.

"लाइन क्लिअर," सीतारामराव म्हणाले, कारण आता ती खरोखर होती.

शेवटच्या दोन वळणांत काही होण्यासारखं उरलं नव्हतं. अखिला पहिली, विनुता दुसरी. भिंतीपलीकडे हेडफोन आपटल्याचा आवाज आला, मग मागच्या खोलीचं दार.

त्या संध्याकाळी ताराबाईंनी भावापुढे दहीभात ठेवला. तो तसाच राहिला.

"तारा, तिनं मजपाशी काय मागितलं, ठाऊक आहे?"

"सांगितलं तिनं. रडत सांगितलं."

"मी म्हणणार होतो. अर्धा शब्द निघाला होता तोंडातून. पुरा झाला नाही." त्यांचे डोळे भरून आले. "तेव्हा तुझा मुहूर्त खाल्ला, आता पोरीची गाडी खाल्ली. सांबशिव गेला तेव्हाही लोक म्हणाले..."

"कोण म्हणालं?"

"म्हणालं कुणीतरी."

ताराबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग एकदम भडकल्या. "तेरा वर्षं हे पोटात ठेवून बसलास? मज विचारायचं नाही? अण्णा, त्या दिवशी गाडीत कोण होतं? मी नव्हते, ते होते. पहिल्याच रात्री मज काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, तुझा भाऊ आमच्यासाठी धुक्यातून चालत शेवटच्या डब्यापर्यंत गेला, गार्डानं सांगितलं आम्हाला. पन्नास माणसं होतो आम्ही गाडीत. हसत होते, पण डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी मुहूर्ताचं चिडवत राह्यले ते थट्टेनं. तू खरं धरून बसलास? कमाल आहे बाबा तुझी!"

सीतारामरावांनी ताट जवळ ओढलं आणि भात खाल्ला, सगळा.

पण विनुता बोलली नाही. सोमवार नाही, मंगळवार नाही. स्टिअरिंग उतरवून खोक्यात गेलं, मशीनचं डोकं जागेवर बसलं. मामा समोर आले की ती फोनमध्ये बघायची. बुधवारी सकाळी चेन्नईची गाडी होती. तिघं ऑटोनं स्टेशनकडे निघाले. स्टेशनसमोरच्या रस्त्यावर पलीकडच्या बाजूलाच ऑटोवाल्यानं उतरवलं, कारण पुढे कोंडी होती. रस्ता ओलांडायचा होता. टाउन बस, दुचाक्या, ऑटो, भाजीची गाडी, सगळं एकमेकांत मिसळून वाहत होतं.

विनुता कडेला उभी राहिली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईनं दिलेला डबा. ती समोर स्टेशनकडेच बघत होती.

"मामा," ती म्हणाली. तीन दिवसांतला पहिला शब्द. "त्या दिवशी तुमचा 'ला' ऐकून मी स्टिअरिंग वळवलं होतं."

"बघितलं मी."

"तुम्ही शब्द पुरा केला असता तर गाडी मला मिळाली असती. खरी. आणि रेडिओवर तुम्हीच असता." ती थांबली. "मग तिथे तुम्ही क्लिअर म्हणालात की मी काय केलं असतं? वळले असते? की विचार केला असता, आज खरं आहे कीं खोटं?"

ताराबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत आहे," विनुता म्हणाली. "चेन्नईत माझ्या खोलीत टेबल आहे. स्वयंपाकघर रिकामं ठेवा."

मग तिनं बॅगेचा दांडा घट्ट धरला. मान वळवली नाही, डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

"मामा, क्लिअर?"

सीतारामरावांनी बघितलं. कुंभकोणमची बस पुढून जात होती, वाटेवरच्या पापनाशमची माणसं दारात लटकलेली. तिच्यामागे दोन स्कूटर. "शेपूट बाकी," ते म्हणाले. बस गेली. एक स्कूटर गेली. "शेपूट बाकी." दुसरी गेली. त्यांनी पुन्हा डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे.

"लाइन क्लिअर."

आणि विनुता समोर बघत, कुठेही न बघता, तंजावूरच्या त्या रस्त्यात सरळ चालत गेली.